दाजींच्या मुठीचा चाकू

एकोणीसशे अडुसष्ट सालातली, थंडी सरत आली होती तेव्हाची गोष्ट. धारवाल्याच्या दुकानात त्याचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, स्टुलावर बसले होते आणि धारवाला त्यांच्या तळहातावर कोमट मेणाचा गोळा ठेवत होता.

"आवळा. जोरात. माझा गळा आहे असं समजा."

"गळा असता तर सांगावं लागलं नसतं, मेव्हणे. हात कधीचे शिवशिवताहेत."

"गळे घरी आवळा," दारात उभी असलेली ताई म्हणाली. "आधी कामाचं बघा."

दाजींनी मूठ आवळली. ती उघडल्यावर मेणात चारी बोटांचे आणि अंगठ्याचे खोल ठसे उमटले होते. धारवाल्याने गोळा उजेडात धरून फिरवला आणि समाधानाने मान हलवली. खास कुणासाठी चाकू करायचा तर त्याच्याकडे हीच पद्धत होती. आधी गिऱ्हाइकाची मूठ मेणात घ्यायची, तिच्यावरून लाकडाची मूठ कोरायची आणि पात्यांचा विचार मग करायचा. हे त्याला त्याच्या वडिलांनी शिकवलं होतं.

दाजी शहराच्या मोठ्या बागेत माळी होते. गुलाबांचा सगळा भाग त्यांच्याकडे. जंगली गुलाबाच्या खुंटावर चांगल्या जातीचा डोळा भरायचा, म्हणजे साल चिरून तिच्याखाली अंकुराचा बारीक तुकडा बसवायचा, हे काम ते उभं आयुष्य करत आले होते. पण गेल्या दोन हिवाळ्यांत त्यांच्या बोटांची पेरं सुजली होती. जुन्या चाकूचं पातं नखाने उघडेना. एकदा बागेच्या साहेबाच्या देखतच चाकू हातातून निसटला. साहेब माणूस भला होता. म्हणाला, "फाटकावर खुर्ची आहे, सावली आहे. तिथे बसा." दाजींनी हंगामापुरती मुदत मागून घेतली होती.

"बोला, काय काय हवं?" धारवाल्याने विचारलं.

"डोळा भरायचं पातं. साल उचलायची पट्टी. छाटणीचं पातं. बारीक करवत. आणि तार तोडायला काहीतरी."

"दाजी, चाकू हवाय की कपाट?"

"कपाटच कर. पण खिशात मावणारं."

धारवाल्याने केलं. अक्रोडाच्या लाकडाची मूठ, पाचही अवजारं एकापाठोपाठ एक घडीत बसणारी. दुकानात दाजींनी ती हातात घेतली तेव्हा बोटं खाचांमध्ये अशी बसली, की धारवाल्याला स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली.

पुढच्या आठवड्यात ताई एकटीच आली. पिशवी मांडीवर घेऊन बसली.

"तो चाकू खिशातच असतो रे," ती म्हणाली. "हातात नसतो."

"का? काय बिघडलं?"

"चाकू नाही बिघडला. दोन्ही वेळा तुझ्याकडे येण्याआधी सकाळभर त्यांचे हात गरम पाण्यात ठेवले होते मी. शेकले, चोळले. म्हणाले, मेव्हण्याच्या दुकानात हसं नको."

धारवाल्याने कानस खाली ठेवली. "आणि तू बोलली नाहीस?"

"मला काय ठाऊक! मला वाटलं, चांगला हात दाखवला तर चाकूही चांगला होईल."

त्याला ओरडावंसं वाटलं, पण बहिणीच्या चेहऱ्याकडे बघून त्याने आवरलं. शिवाय आपल्यालाही तो हात बघून बरंच वाटलं होतं, हे त्याला आठवलं. एवढ्या सुजलेल्या पेरांचा माणूस इतका खोल ठसा कसा उमटवतो, हे त्याने विचारायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो बागेत गेला. गारठ्यात मेण दगडासारखं होतं, म्हणून गोळा काखेत धरून ठेवला होता. दाजी वाफ्याच्या कडेला बसले होते, दोन्ही हात बगलेत. त्याला बघताच त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"कशाला आलास?"

"हात द्या."

"दिला होता की."

"तो पाहुण्यांसाठी काढलेला हात होता, दाजी. मला रोजचा द्या."

दाजींनी उजवा हात बगलेतून काढून पुढे केला. धारवाल्याने मेण ठेवलं. दाजींनी जोर लावला तशा मानेच्या शिरा ताठ झाल्या, पण अंगठा बोटांपर्यंत पोहोचलाच नाही. गोळ्यावर नुसते उथळ खळगे पडले, लहान मुलाने ओल्या मातीवर उगीच बोटं टेकवावीत तसे.

"एवढंच?" धारवाल्याने हळूच विचारलं.

"एवढंच."

दोघे तिथल्या बाकावर बसले. मूठ जाड करावी लागणार होती, बदकाच्या अंड्याएवढी फुगीर. तिच्यात पाच अवजारं घातली तर चाकू असा जड होणार, की काम सोडून तो पेलण्यातच दाजींची शक्ती संपेल.

"काहीतरी कमी करावं लागेल," धारवाला म्हणाला.

"तारेचं काढ. घरून चिमटा आणीन."

"अजून."

दाजी म्हणाले, "करवत काढलीस म्हणजे मी आता झाडावर चढणार नाही."

"शेवटचे कधी चढलात?"

वाफ्यापलीकडे कुणीतरी झारीने पाणी घालत होतं.

"काढ," दाजी म्हणाले. आणि थोड्या वेळाने, धारवाल्याने काही न विचारताच, "छाटणीचं पातंही काढ. छाटायला माणसं आहेत."

राहिली दोनच: डोळा भरायचं पातं आणि साल उचलायची पट्टी. त्या दोहोंबद्दल कुणी काही बोललं नाही.

दुसरा चाकू करताना धारवाल्याने दुकानातलं दुसरं काम हाती घेतलं नाही. मुठीला जिथे खळगे हवे होते तिथे ते उथळच ठेवले. नखाची खाच काढून टाकली आणि पात्याच्या पाठीला एक बोंड बसवलं. ते कमरेच्या पट्ट्याला टेकवून चाकू पुढे ढकलला की पातं आपसूक उघडे. उघडलेलं पातं हलू नये म्हणून खटका घातला आणि तो अंगठ्याऐवजी तळहाताच्या गादीने दाबता येईल असा केला. दिसायला ते ध्यान होतं. ताई बघून म्हणाली, "हे काय रे, बटाट्याला पातं फुटलंय!"

दाजी हसले नाहीत. त्यांनी बोंड पट्ट्याला टेकवलं, पातं उघडलं, खटका दाबून मिटलं. पुन्हा उघडलं. मग चाकू खिशात घालून थेट बागेकडे निघाले. धारवाल्याला कळलं, हा चाकू आता खिशातच राहणार नाही.

तो हंगाम त्यांनी पार पाडला. पूर्वीपेक्षा हळू, पण भरलेल्या डोळ्यांना कोंब फुटले. साहेब एकदा मागे येऊन उभा राहिला, बघत राहिला आणि "चालू द्या" म्हणून निघून गेला. पुढचा हंगामही पार पडला. त्याच्या पुढच्या हंगामात एका सकाळी लागोपाठ कितीतरी डोळे दाजींच्या हातून चिरडले गेले. त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं, कपडे झटकले आणि स्वतःच जाऊन साहेबाला विचारलं, "ती खुर्ची अजून रिकामी आहे का?"

आठवडाभराने एका संध्याकाळी ते दुकानात आले. चाकू फळीवर ठेवला.

"माझ्या जागी नवी माळीण आली आहे. हात चांगला आहे तिचा. ही मूठ काढून टाक आणि तिच्या हाताची घाल. पातं अजून पुष्कळ चालेल."

"पातं मी तिला नवं करून देतो, दाजी. हा राहू द्या तुम्हाला."

"मला फाटकावर कशाला? कुणाला डोळा भरू? काढ."

धारवाल्याने मूठ धरून ठेवणाऱ्या रिबिटांची डोकी कानशीने घासली, दोन ठोके दिले आणि पातं सुटं झालं.

त्या पात्यावर माळणीने पुढे निम्मी बाग उभी केली. साहेबाची बदली झाली, तो गेला. कारखान्याचे चाकू बाजारात आले तसं धारवाल्याचं काम नुसत्या धार लावण्यावर आलं, आणि नजर अधू झाल्यावर तेही थांबलं. दाजी फाटकावर बरीच वर्षं बसले, येणाऱ्याजाणाऱ्यांना वेळ आणि वाट सांगत. त्यांच्यामागे ताई पुष्कळ जगली. ती सुटी मूठ तिने मागून घेतली होती. दुपारी ती खिडकीशी एकटी बसली, की मूठ तिच्या हातात असे आणि तिची बोटं त्या उथळ खळग्यांमध्ये ठेवलेली असत.