चौथ्या मजल्याची थंडी

उल्जिरो भागातल्या त्या आठ मजली ऑफिसच्या इमारतीच्या सुधारणेचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा ती पन्नाशीला आली होती. पाडायची नाही, पण वीज आणि गॅसचा खर्च निम्म्यावर आणायचा, असं ठरलं होतं. दुहेरी काचा, भिंतींना आतून उष्णता अडवणारा थर आणि तळघरातल्या बॉयलरऐवजी गच्चीवर हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढणारं यंत्र.

तळघर सांभाळायचे प्यो गिलसू. वय एकसष्ट, बोलणं तुटक. पहिल्याच दिवशी म्हणाले, "मॅडम, तुमच्या कॉम्प्युटरला विचारा की. मला काय विचारता?" तरी प्रत्येक पाइप कुठून कुठे जातो, ते हात लावून दाखवत होते.

मोजमापं आली आणि मी अडले. चौथा मजला इतरांच्या दुप्पट वीज खात होता. तिथं मिरानबाईंचं शालेय पुस्तकांची मुद्रितं तपासायचं ऑफिस. सहा टेबलं, प्रत्येकाखाली हीटर. बाई मांडीवर घोंगडी घेऊन बसलेल्या.

"बावीस वर्षं असंच आहे," त्या म्हणाल्या. "प्यो म्हणतात, इमारत जुनी आहे. ते तरी बिचारे काय करणार?"

भिंतच खराब असणार असं धरून मी चौथ्यावर दुप्पट जाडीचा थर आखला. त्यासाठी उत्तरेच्या भिंतीचा माल कमी करावा लागला. नकाशा प्योंना दाखवला. त्यांनी चौथ्या मजल्यावर बोट ठेवलं.

"भिंतीत काही नाही," ते म्हणाले. "व्हॉल्व आवळलाय. मीच."

बावीस वर्षांपूर्वी कडाक्याच्या थंडीत आठव्या मजल्यावर बसणाऱ्या मालकांना ऊब पुरेना. ते म्हणाले, "चौथ्याचं गरम पाणी आवळ. तिथले भाडेकरू ओरडत नाहीत." प्योंनी आवळलं. थंडी ओसरली की सोडायचं होतं. पण मालक वारले, व्हॉल्व गंजला, जोर लावला तर सांधा फुटेल म्हणून काम दरवर्षी पुढच्या उन्हाळ्यावर गेलं. मग सांगायचीच लाज वाटू लागली.

वसंतात सगळे पाइप निघणार होते. ते गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं.

"बाईंना मी सांगू?" मी विचारलं.

"नको. मी सांगतो. तुम्ही नुसत्या सोबत चला."

मिरानबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग खुर्चीतून उठल्या, पायानं हीटर बंद केला.

"बसा इथं."

"बाई, माफ..."

"माफीचं नंतर बघू. आधी बसा."

डिसेंबरची दुपार होती. प्यो बसले. बाई शेजारी उभ्यानंच मुद्रितं तपासत राहिल्या. मी निघावं की थांबावं ते कळेना, थांबले. तासाभरानं प्योंच्या बोटांची टोकं पांढरी पडली.

"गुडघे धरतात इथं," ते हळूच म्हणाले.

"आधी पायाची बोटं जातात," बाई म्हणाल्या. "उठा आता. आणि या पोरीला तिचा नकाशा नीट करून द्या."

सगळ्या भिंतींना सारखाच थर लागला. काम संपल्यानंतरच्या जानेवारीत बाहेर उणे बारा असताना चौथ्यावर एकवीस अंश होते. हीट पंप प्योच चालवतात. त्यासाठी महिनाभर प्रशिक्षण वर्गात तरुणांच्या रांगेत बसून शिकले. मिरानबाई त्यांच्याशी अजून मोजकंच बोलतात. पण मजल्यावर काही बिघडलं, तर मला नाही, थेट त्यांनाच फोन करतात. प्यो लिफ्टची वाट बघत नाहीत, जिन्यानं निघतात.