काजळीच्या वाटणीचा भरडा

काजळी म्हैस व्याली आणि घरात दोघांचं खाणं एकदम बदललं. म्हशीला गूळ घालून शिजवलेला भरडा सुरू झाला आणि पैलवानांना पथ्य. पैलवान हे नुसतं म्हणायला. त्यांनी आयुष्यात माणूस एकही पाडला नव्हता, मोडल्या त्या खुर्च्या. शेवटची मोडली तेव्हा बायकोने त्यांचं ताट निम्मं केलं.

आता उपाशी माणसाच्या हातात गोड भरड्याचं घमेलं दिल्यावर तो काय करणार? पैलवान गोठ्यात जात, काजळीला चार घास देत आणि उरलेल्यावर स्वतः आडवा हात मारत. काजळी म्हैस असली तरी स्वभावाने गरीब गाय. चार घास झाले की ती आपणहून बाजूला सरकून त्यांना जागा करून द्यायची.

दूध मात्र आटायला लागलं. बायकोने गुरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, व्यालेली म्हैस अंगावरचं मांस दुधात घालते, त्यामुळे थोडी वाळणारच. फार वाळली तर खुराक वाढवायचा. वाळलीच नाही, तर खाल्लेलं सगळं अंगाला लावते असं समजायचं. म्हणजे वजन करणं आलं. पण डेअरीच्या मोठ्या काट्यावर काजळी पैलवानांशिवाय पाय ठेवीना. शेवटी दोघांना मिळून तोलायचं आणि पैलवानांचं वजन वजा करायचं असं ठरलं.

बाईंनी त्यांना त्यांचं वजन विचारलं. बायको शेजारीच उभी होती. पैलवानांनी पोट आत ओढलं आणि लग्नातला आकडा सांगितला.

पुढे तर कहरच झाला. काजळी जेवढी वाळे तेवढे पैलवान भरत, आणि काट्यावरची बेरीज काही जागची हलेना. म्हशीच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या, पण बाईंचा डोळ्यांपेक्षा काट्यावर भरवसा. म्हैस आळशी आहे म्हणत त्यांनी भरडा निम्मा केला. पैलवानांनी आपला वाटा तेवढाच ठेवला.

शेवटी बायकोने हात टेकले. दूध नाही तर पोसायची कशाला, विकून टाकू, म्हणाली. पुढच्या वजनाला गिऱ्हाईकही येऊन उभं राहिलं. त्याने दावं हातात घेताच काजळीने पैलवानांच्या काखेत तोंड खुपसलं.

पैलवानांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिच्या तोंडचा घास खाल्ला, तिलाच घराबाहेर काढायचं? त्यांनी दावं गिऱ्हाइकाच्या हातून काढून घेतलं, बायकोकडे दिलं आणि ते काट्यावर चढले.

"आधी मला एकट्याला तोला," ते म्हणाले.

बाईंनी आकडा पाहिला. मग पैलवानांकडे पाहिलं, काजळीच्या बरगड्यांकडे पाहिलं आणि वजाबाकी पुन्हा केली. गिऱ्हाईक खाली मान घालून हसत होतं. बायकोला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"व्याली ती," ती म्हणाली, "आणि बाळंतपण तुमचं झालं."

म्हैस राहिली. त्या संध्याकाळी पैलवान गच्च भरलेलं घमेलं घेऊन गोठ्यात गेले, बायको दाराशी पहाऱ्याला उभी राहिली. काजळीने चार घास खाल्ले आणि नेहमीसारखी बाजूला सरकली.

पैलवानांचे डोळे भरून आले. तोंडालाही पाणी सुटलं, खोटं कशाला बोला. त्यांनी घमेलं उचललं आणि पुन्हा तिच्या तोंडापाशी नेऊन ठेवलं.