गोड चहात मुरलेली मूठ

मित्रांनो, मी अक्रोडाच्या लाकडाची मूठ. टेक्सासातल्या एका रिव्हॉल्व्हरची. दोन फाका आणि मधे एक स्क्रू, एवढाच माझा संसार. आमच्या रिव्हॉल्व्हरचा घोडा दर गोळीला अंगठ्यानं मागे ओढावा लागतो, म्हणून पकड घट्ट हवी. ती मी एमॉस आजोबांना आयुष्यभर दिली. त्यांच्या घामानं काळी पडले, त्यांच्या बोटांनी झिजले.

आजोबा गेले आणि रिव्हॉल्व्हर नातवाकडे, वेंडेलकडे आलं. त्याला जुन्या काळचे कपडे घालून नेमबाजीच्या सामन्यांत मिरवायची हौस. त्यानं मला काढलं आणि बैलाच्या हाडाची कोरीव मूठ आणली. पांढरीफटक! ती जुनी दिसावी म्हणून साहेबांनी तिला चहात मुरत ठेवलं. आणि मी, खरीखुरी जुनी? मला डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवलं.

सामन्याच्या मैदानावर ते टेबल नेलं, तेव्हा मीही पायाखाली होतेच. लोक त्या हाडाच्या मुठीला कुरवाळत होते.

"काय रंग चढलाय! शंभर वर्षांची असेल, नाही?"

अहो, कालच चहातून निघालीय ती! माझा जळून कोळसा झाला.

वेंडेल यंदा पहिल्यांदाच सगळ्यांच्या पुढे होता. शेवटची फेरी. शिटी झाली, त्यानं रिव्हॉल्व्हर उपसलं आणि "आई गं!" करून हात झटकला. रिव्हॉल्व्हर धुळीत. मुठीवर लाल मुंग्यांची जत्रा!

"हातातून पडलं. तू बाद," पंच रॉयस म्हणाला.

"अरे, मुंग्या डसल्या ना!"

"मग मुंग्यांनाही बाद करतो. चल, हो बाजूला!"

वेंडेलची बायको ओपल धावत आली. "मूठ मुरवायला चहा कुठला घेतला होतास?"

"फ्रीजमधला, आपण गार पितो तो."

"अरे देवा! त्यात वाट्या भरभरून साखर असते. आपल्या घरात बिनसाखरेचा चहा कधी झालाय का?"

घरी येताच वेंडेलनं मला परत बसवलं. पुढच्या सामन्यात मी अशी ताठले म्हणता! रॉयसनं मला निरखून पाहिलं, मग चक्क हुंगलं.

"झकास जमलीय रे जुनी! या वेळी कुठला चहा?"

घ्या! तेवढ्यात ओपल टेबलावर हात आपटून म्हणाली, "हाडाची मूठ खाली सरकवल्यापासून टेबल जराही हलत नाही. ती लाकडी मेली काही कामाची नव्हती."

पुन्हा माझ्या पोटात दुखायला लागलं.

मित्रांनो, जुन्या वस्तूला कोरड्या फडक्यानं पुसा, थेंबभर तेल लावा. आणि एवढं कराच, तिच्यासमोर दुसरीचं कौतुक करू नका.