एका ओळीपुरती सूट

ऑफिसात मला हवालदार म्हणतात. अगदी तोंडावर म्हणतात, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. आम्ही दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर बनवतो. ते चालताना स्वतःच एक रोजनिशी लिहीत असतं. इतक्या वाजता फॉर्म आला, इतक्या वाजता अडकला, वगैरे. त्याला लॉग म्हणतात. त्या लॉगमध्ये पेशंटचं नाव, फोन, दुखणं यातलं काहीही जाऊ नये म्हणून मी एक नियम लिहिला. कोणी कोडमध्ये तशी ओळ टाकली की तिच्याखाली लाल रेघ उमटते आणि कोड पुढे सरकत नाही. नियम लिहायला मला दोन दिवस लागले. त्याबद्दल बोलायला वर्ष पुरलं नाही.

टेस्टर, डिझायनर, मॅनेजर, कोणालाही मी सोडलं नाही. कोणी म्हणालं, "अरे, एवढ्या ओळीपुरता नियम बंद करू दे ना," की माझं प्रवचन सुरू. मला कोणी काही सुचवलं, तर मात्र उत्तर ठरलेलं: "नोंद घेतली." ती नोंद मी कुठे घ्यायचो, देव जाणे.

मंगळवारी एका समुपदेशन केंद्राची तक्रार आली, फॉर्म अडकतायत. दहाच्या मीटिंगमध्ये मॅनेजरने भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर लॉग उघडला. आम्ही सातजण बसलो होतो. आणि तिथे, वेळेच्या आकड्यांच्या मधोमध, कुणा बाईने 'भेटीचं कारण' म्हणून लिहिलेला अख्खा मजकूर!

मला स्फुरण चढलं. "बघा!" म्हणत मी उभाच राहिलो. "यासाठीच मी वर्षभर घसा फोडतोय." शहाण्या माणसाने स्क्रीन बंद केली असती. मी तो मजकूर नमुना म्हणून मोठ्याने वाचायला घेतला.

"'नवरा चांगला आहे. ओरडत नाही, पीत नाही. फक्त ऐकत नाही. माझी नोकरी गेली, हे मी त्याला दोनदा सांगितलं. परवा म्हणाला, ऑफिसमधून येताना बेसिनवरचा बल्ब आण.'"

मी हसलो. सगळ्यात आधी मी. "काय एकेक नमुने असतात!" बाकीचेही हसले. मी पुढे वाचलं. "'काहीही सांगितलं की म्हणतो, नोंद घेतली.'"

टेस्टर हसायची थांबली. मग डिझायनर. मॅनेजर एकदम पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडायला लागला. मी एकटाच दात काढत उभा होतो. मग मला बेसिनवरचा बल्ब आठवला. रविवारी मीच स्टुलावर चढून बसवला होता. वर "भलताच पांढरा आणलास" असंही ऐकवलं होतं.

"हे लॉगमध्ये टाकणारी ओळ कोणाची ते बघू," मॅनेजर विषय बदलायला म्हणाला बिचारा, आणि त्याने कोड उघडला. ओळीच्या डोक्यावर नियम बंद केल्याची खूण होती. शेजारी शेरा: 'तात्पुरतं. उद्या काढतो.' आणि माझं नाव. तारीख चार महिन्यांपूर्वीची. एक चूक शोधायला मी ती ओळ घातली होती आणि विसरलो होतो. अख्ख्या कोडमध्ये नियमातून सूट मिळालेली ती एकुलती एक ओळ होती.

मॅनेजरने स्क्रीन बंद केली. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ओळ मी पाच मिनिटांत काढली, लॉगमधला मजकूर पुसला. मग दिवसभर डोक्यात एकच: घरी सांगायचं की नाही? तो फॉर्म आमचा आहे हे बायकोला माहीतच नव्हतं. 'तू नेमकं काय करतोस' असं तिने एकदा विचारलं होतं, तेव्हा मी "तुला नाही कळायचं" म्हणून मोकळा झालो होतो. गप्प बसलो तर निभावून गेलं असतं. चार दिवस कान देऊन ऐकायचं, अधूनमधून प्रश्न विचारायचे, म्हणजे तिला वाटेल नवरा आपणहून सुधारला. हा बेत मला इतका पसंत पडला की माझी मलाच लाज वाटली.

संध्याकाळी ती भाजी निवडत बसली होती. मी समोर बसलो आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

तिचे हात थांबले. "किती जण होते?"

"माझ्यासकट सात."

"माझं नाव होतं?"

"नाही. पण नवरा कोण ते सगळ्यांनी ओळखलं. माझ्याआधी."

"आणि तू काय केलंस?"

"मोठ्याने वाचलं," मी म्हणालो. "आणि हसलो."

तिने हातातली भाजी बाजूला ठेवली. वाटलं रडेल, वाटलं ओरडेल. मला दोन्ही चाललं असतं.

"नोकरी कशी गेली?" मी विचारलं. पाच आठवडे उशिरा.

"ते आता तुला नाही सांगणार," ती शांतपणे म्हणाली. "गुरुवारी पाच वाजता तिथल्या बाईंना सांगणार आहे. तिथलं काही तुझ्यापर्यंत पोचणार नाही, एवढं बघ. तुझंच काम आहे ना ते?"

"हो," मी म्हणालो.