तरोट्यातली वाट

किसनरावांना बायको, केशरबाई, गेल्याचा फोन आला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. मुलगा सुगत अकोल्याच्या दवाखान्यातून बोलत होता. किसनरावांनी दोनदा 'हो' म्हटलं, फोन खिशात ठेवला, आणि आता काय करायचं ते त्यांना सुचेना. म्हणून त्यांनी सायकल काढली. केशरबाईच्या टोळीतल्या सात बाया त्या दिवशी नाल्यापलीकडे, नदीच्या वळणातल्या शिवारात तण निंदायला गेल्या होत्या. त्यांना सांगायला पाहिजे, एवढंच डोक्यात होतं.

डांबरी रस्त्यानं, पुलावरून फेरा घेऊन चार किलोमीटर. पोहोचले तर शेतात कोणी नाही. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पाण्याची कॅन तेवढी उभी होती. पुन्हा चार किलोमीटर मागे आले, तर सातही बाया त्यांच्याच अंगणात बसलेल्या. त्यांना कोणीतरी मोबाईलवर कळवलं होतं आणि घळीतल्या पायवाटेनं त्या वीस मिनिटांत आल्या होत्या. किसनराव सायकल धरून स्वतःच्या दारात उभे राहिले. त्यांतल्या पंचफुलानं सरकून त्यांना बसायला जागा दिली.

तीस वर्षं त्यांनी पाच गावांत डाक वाटली होती. कोणाच्या शेताला कुठून शिरायचं, कोणत्या पांदणीत चिखल कधी होतो, सगळं पाठ. पण ते सगळे सायकलचे रस्ते. वस्तीमागून नदीकाठानं घळीत उतरणारी, नाला ओलांडून वळणातल्या शिवारात निघणारी ती पायवाट बायांची होती. घरोघरी संडास नव्हते तेव्हा बाया पहाटे त्या बाजूला जात. माणसांनी तिकडं पाय ठेवायचा नाही, हा गावचा रिवाज. पुढे संडास झाले, तरी रिवाज राहिला. बाया त्याच वाटेनं निंदायला, वेचायला जात, आणि माणसं डांबरीनं.

दरवर्षी पोळा झाला की केशरबाई विळा घेऊन निघायची आणि वाटेवरचा तरोटा, म्हणजे टाकळा, कापून टाकायची. तरोटा कमरेइतका वाढतो, त्यात साप दिसत नाही. गेल्या वर्षी पोळ्याला ती दवाखान्यात होती. फोनवर तिनं तब्येतीचं काहीच सांगितलं नाही. म्हणाली, "वाट मोकळी करून ठेवजा. बायाइचे हाल होतीन." किसनराव हो म्हणाले. नंतर चार दिवसांनी ती गेली. मग पुण्यानुमोदनाचा विधी, आलेगेले, मग नुसतं बसून राहणं. तरोटा तसाच राहिला.

हिवाळ्यात वळणातलं शेत ज्यांचं, त्या गोपाळकृष्ण वकिलांनी रानडुकरांसाठी तारेचं कुंपण घातलं. ते अमरावतीला राहतात. त्यांच्या माणसाला तरोट्यात वाट दिसली नाही, त्यानं सरळ खांब रोवले. बायांना चार किलोमीटरचा फेरा पडू लागला. टोळी दोन महिन्यांत मोडली. पंचफुला नांदगाव पेठेच्या कापडाच्या कंपनीत लागली, बाकीच्या जिकडे तिकडे गेल्या.

किसनराव वकिलांना जाऊन भेटले. भांडायच्या तयारीनं गेले होते, पण भांडण झालंच नाही. वकील म्हणाले, "किसनराव, वाट असेल तर मी अडवणार नाही. दाखवा, तिथली तार मी स्वतः सोडून देतो." चहा पाजून त्यांनी परत पाठवलं. भांडले असते तर बरं झालं असतं, असं किसनरावांना बसमध्ये वाटत राहिलं.

या वर्षी आश्विनात शिवारफेरी निघाली. गावातले सगळे रस्ते, पांदणी, पायवाटा तलाठ्यांनी चालून पाहायच्या आणि यादीत घ्यायच्या. नकाशावर नसलेली वाट असेल तर पाच पंच पाहिजेत, आणि वाट या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवायची. किसनरावांनी अर्ज केला. पंच म्हणून गावातली पाच वजनदार म्हातारी माणसं धरली. माजी सरपंच नत्थुजी सगळ्यांत पुढे.

ठरल्या दिवशी ज्योत्स्ना मॅडम, म्हणजे तलाठी, सकाळीच आल्या. सोबत कोतवाल. बुद्धविहारामागून सगळे निघाले. पहिल्या निंबापर्यंत ठीक होतं. पुढे घळी लागल्या, आणि तरोटा. यंदाही तो कोणी कापला नव्हता. कापला असता तर किसनरावांनीच कापला असता, पण कुठून कुठवर कापायचा हेच त्यांना ठाऊक नव्हतं, आणि हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. घळीत उतरल्यावर वाट आपोआप दिसेल असं ते धरून चालले होते.

पहिल्या घळीत उतरले तर खाली डबकं. वर आले. दुसरीत बाभळीचं काटेरी रान. नत्थुजी म्हणाले डावीकडून असन. दुसरे पंच म्हणाले उजवीकडून, आपल्या आईच्या तोंडून तसंच ऐकलं होतं. दोघे तिथंच हमरीतुमरीवर आले. एका पंचाची चप्पल चिखलात रुतून बसली आणि कोतवाल ती काढत राहिला. शेवटी सगळे परत वर आले आणि पुलावरून फेरा घेऊन, शेताच्या कडेनं कुंपणाजवळ गेले. तिथं वकील स्वतः उभे होते. बाजूच्या गड्याच्या हातात पक्कड होती.

"कुठली तार सोडू?" त्यांनी विचारलं.

किसनरावांनी एका खांबाकडे बोट केलं. मग दुसऱ्याकडे. मग हात खाली घेतला.

ज्योत्स्ना मॅडमनी वही मिटली नाही. हळूच विचारलं, "काका, तुम्ही ह्या वाटेनं शेवटचे कधी चाललात?"

किसनरावांना खोटं बोलता आलं असतं. पाचही पंचांनी मान हलवली असती. "मी सायकलनं जायचो," ते म्हणाले.

"आणि तुम्ही?" मॅडमनी पंचांकडे पाहिलं.

नत्थुजी खाकरले. "बाई, ते बायाइची वाट व्हय. आमी तिकडं कायले जाऊ?"

मॅडमनी लिहिलं, 'वाट आढळून आली नाही.' सह्या घेतल्या. पाचही पंचांनी त्याखाली सही केली, कारण सही करायलाच ते आले होते. किसनरावांनीही केली.

रविवारी पंचफुलाला सुट्टी होती. किसनराव तिच्याकडे गेले तेव्हा ती कंपनीचे कपडे वाळत घालत होती. तिनं सगळं आधीच ऐकलं होतं.

"जयभीम, भाऊजी. पाच मिशा नेल्या म्हणे घळीत," ती म्हणाली. "एक लुगडं नेता नाई आलं तुमाले?"

"तू कंपनीत होती."

"इचारलं असतं तर खाडा केला असता. तुमी इचारलंच नाई." तिनं चिमटे लावले, विळा उचलला. "चाला."

ती पुढे, किसनराव मागे. निंबाशी ती थांबली आणि तिनं त्यांना मागे वळून पाहायला लावलं. विहाराचा कळस आणि पाण्याची टाकी एकाआड एक आली की तिथून उतरायचं. सरळ नाही, आडवं. तरोटा बाजूला सारला तर पायाखाली सपाट दगड लागले. एक, दोन, अकरा. मधला एक डुगडुगत होता.

"हे तिनंच टाकले," पंचफुला म्हणाली. "दोन उन्हाळे लागले. नदीतून टोपल्यानं आणले. तुमाले नाई सांगतलं?"

सांगितलं असेल. खांदा दुखतो, असं केशरबाई दोन उन्हाळे म्हणत होती. त्यांनी मलम आणून दिलं होतं. एकदा तर तिनं म्हटलं होतं, एखाद्या दिवशी चाला सोबत, कोण काय खाते तुमाले. सायकल असताना चिखलात कोण मरायला जातं, असं काहीतरी ते बोलले होते.

नाला ओलांडून ते कुंपणाला जाऊन लागले. किसनरावांनी परवा बोट केलेल्या खांबापासून ती जागा वीस पावलांवर होती. पंचफुलानं तारेला लुगड्याची चिंधी बांधली. किसनरावांनी वकिलांना फोन लावला. ते म्हणाले, आता पंचनामा झाला आहे, तुमचीच सही आहे त्यावर. नवा कागद आणा, मी तार सोडतो. शब्द फिरवला नाही त्यांनी. त्याचाच जास्त राग आला.

सोमवारी ज्योत्स्ना मॅडम म्हणाल्या, यादी वर गेली. पुढची फेरी निघेल तेव्हा पुन्हा अर्ज द्या, आणि त्या वेळी जे स्वतः त्या वाटेनं चालले आहेत तेच पंच आणा.

किसनरावांनी अर्ज लिहून ठेवला आहे. पंच सात बाया. त्यांतल्या तिघींच्या सह्या झाल्या. दोघी कामासाठी गाव सोडून गेल्या आहेत, एक माहेरी आहे, आणि पंचफुलाला रविवारशिवाय वेळ नसतो. पुढची फेरी कधी, ते कोणी सांगत नाही. तार तशीच आहे. पहिल्या घळीतला तरोटा कापून झाला, नाल्यापुढचा अजून कापायचा आहे, आणि मधला दगड अजून डुगडुगतो.