करवंटीचा खुळखुळा

कौमुदीबाईंनी मागच्या सीटवरून मोबाइल पुढे केला. पडद्यावर माझी आई नारळाच्या करवंटीचा खुळखुळा वाजवत होती.

गाडी कुवेतमधल्या फरवानियाच्या सिग्नलला उभी होती. शेजारी अशरफशेठ. महिन्याभरात माझी लेक निदा त्यांच्या घरात सून म्हणून जायची होती.

"मुझफ्फरभाय, तुमच्या वाडीची ना ही?" शेठनी विचारलं. "वलखताव हिला?"

"हां," मी म्हणालो. "आमच्याकडे कामाला होती."

सिग्नल सुटला. मी गाडी काढली.

ती खातून, माझी आई. सिद्दी. तिचे वाडवडील आफ्रिकेतून गलबतात कोंबून रायगडच्या किनाऱ्यावर आणलेले. बाप कोकणी, खलाशी. मी रंगाने बापावर गेलो. केस बारीक ठेवले की खपून जातो. आमच्यात जातपात नाही असं आम्ही छाती ठोकून सांगतो. झूठ. सोयरीक जुळवताना आधी नाक बघतात, मग केस, मग हळूच विचारतात, हबशी तर नाहीत ना? म्हणून कुवेतला आल्या आल्या सांगून ठेवलं होतं, आई लहानपणीच वारली. ती वारली गेल्या वर्षी. रजा मिळत होती. मी गेलो नाही.

कौमुदीबाई पुण्याला कॉलेजात शिकवतात. आफ्रिकेचं वाजवणं-गाणं समुद्राच्या या काठांवर कसं टिकलं, पोरं ते कसं शिकतात, यावर त्यांचा अभ्यास. आई होती तेव्हा दोन महिने आमच्या वाडीत राहिल्या, आता इथं आल्या. अशरफशेठ आमच्या मंडळाचे अध्यक्ष. त्याच वाडीचा माणूस म्हणून त्यांनीच माझी टॅक्सी लावून दिली.

त्या दिवशी एका काळ्या कुवेती म्हाताऱ्याने कमरेला बकऱ्यांच्या खुरांचा पट्टा बांधून नाचून दाखवलं. मग घाम पुसत, सुना-नातवंडांसमोर अरबीत म्हणाला, माझ्या आजाला बाजारात विकत घेतलं होतं, हा पट्टा त्याचा. असं म्हणाला, जसं कुणी घराण्याचा वाडा दाखवावा. माझी बोटं गुडघ्यावर ताल धरून होती. बाईंनी पाहिलं.

"येतो तुम्हाला हा ताल?"

"नाही."

"खातूनबी लेकराच्या पाठीवर थापटून शिकवायच्या," बाई म्हणाल्या. "म्हणायच्या, डोकं विसरतं, पाठ विसरत नाही."

अशरफशेठ हसले, म्हणाले काय एकेक लोक असतात. मीही हसलो.

तिसऱ्या दिवशी बाईंना विमानतळावर सोडायचं होतं. आम्ही दोघंच. बाईंच्या मांडीवर एक पुठ्ठ्याचा खोका होता. प्रत्येक स्पीडब्रेकरला तो आतून वाजायचा. मला आवाज ओळखायला वेळ लागला नाही. मी गाडी हळू घेऊ लागलो, इतकी हळू की मागचे हॉर्न मारायला लागले.

पार्किंगमध्ये बाईंनी एक कागद काढला. म्हणाल्या, वारसाच्या सहीशिवाय खातूनबींचा आवाज कुणालाच ऐकवता येणार नाही, असा नियम आहे. आणि हा खुळखुळा त्यांनी मुलासाठी दिलाय. मुजू म्हणायच्या त्याला. कुवेतला गाडी चालवतो म्हणायच्या.

बोलताना त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. पेन तेवढं पुढे धरलं. कागदावर नाव लिहायची ओळ होती आणि खाली लिहिलं होतं, 'नातं'.

अशरफशेठ नव्हते. कुणीच नव्हतं. आता तरी बोलायचं होतं.

"हे छापून येतं?" मी विचारलं.

"येतं. इंटरनेटवरही."

मी नाव लिहिलं. नात्यासमोर लिहिलं, 'ओळखीचा'.

बाईंनी वाचलं. कागदाची घडी घातली. "ओळखीच्या माणसाची सही चालत नाही, मुझफ्फरभाई."

आवाजात राग असता तर बरं वाटलं असतं. मी बॅग ट्रॉलीवर चढवली. खोका मी उचलायला गेलो, तर त्यांनी तो काखेत घेतला. म्हणाल्या, कॉलेजच्या कपाटात ठेवते, मुलगा सापडला तर त्याला सांगा.

काचेचं दार उघडलं, त्या आत गेल्या. खुळखुळा एकदा वाजला, दार मिटलं.

परत येताना त्याच स्पीडब्रेकरवरून मी गाडी जोरात नेली. पुढचाही तसाच घेतला. माझं डोकं छपराला आपटलं. मागची सीट गप्प होती.