हासच्या काळात

सोमवारी सकाळी व्हर्ना स्टासेकबाई पोस्टात निघाल्या होत्या. वाटेत कोच टिबेटच्या अंगणात त्यांना पाटी दिसली: 'घर विकणे आहे.' टिबेटची बायको कोरिन पायात सपाता घालून ओल्या गवतात उभी होती आणि दोन्ही हातांनी ती पाटी उपटायला बघत होती. रोवणाऱ्याने ती चांगली हातभर आत ठोकलेली.

बाईंनी गाडी थांबवली, खाली उतरल्या आणि काही न विचारता पाटीच्या दांड्याला हात घातला.

"आधी डावीकडे वाकव," त्या म्हणाल्या, "मग सरळ वर ओढ. मला सवय आहे."

पाटी भसकन निघाली. कोरिन हसायला गेली आणि तिला रडूच आलं. "मुलं शाळेत जायच्या आत काढायची होती," ती म्हणाली. "आम्ही घर विकत नाही आहोत हो."

"माहीत आहे गं. आम्हीही विकत नव्हतो."

डॉसन फोर्ड गावाची ही जुनी खोड होती. कोचचा कंटाळा आला की त्याच्या तोंडावर कुणी काही बोलत नसे. त्याच्या अंगणात घर विकण्याची पाटी रोवत. बेचाळीस वर्षांपूर्वी स्टासेकांच्या अंगणात एका आठवड्यात अशा अकरा पाट्या उगवल्या होत्या. बाईंचा नवरा एमिल तेव्हा गावातल्या टॅनर कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा कोच होता. चार वर्षांत त्याला काढलं. पण नवरा-बायको गाव सोडून गेली नाहीत. एमिलने शाळेत भूगोल शिकवला, अंगणात टोमॅटो लावले आणि सहा वर्षांपूर्वी, एका रविवारी जेवून उठल्यावर, कुणाला फारसा त्रास न देता तो गेला.

बाई त्याच शाळेत, एमिल कोच व्हायच्या आधीपासून, पस्तीस वर्षं बीजगणित शिकवत होत्या. त्यामुळे गावातल्या पन्नाशीपुढच्या निम्म्या पुरुषांना त्यांनी कधी ना कधी बाकावर उभं केलेलं होतं. त्या अकरा पाट्यांपैकी एकीवर तीन शब्दांत दोन चुका होत्या, आणि अक्षर बाईंनी ताबडतोब ओळखलं होतं. गेलन व्होस. त्यांनी आरडाओरडा केला नाही. लाल शाईने दोन्ही चुका दुरुस्त केल्या, खाली दहापैकी चार गुण दिले आणि पाटी गेलनच्या बापाच्या ट्रॅक्टरच्या दुकानाबाहेर नेऊन उभी केली.

तोच गेलन आता सहासष्टचा झाला होता. दुकान त्याचं होतं, पोटही बापासारखं सुटलं होतं, आणि संघाच्या समर्थक मंडळाचा तो अध्यक्ष होता. दर गुरुवारी सकाळी चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये मंडळाची न्याहारी असे. या गुरुवारी पॅनकेकबरोबर एक ठरावही वाढला जाणार होता: टिबेटला काढा, असं कॉलेजच्या अध्यक्षांना पत्र.

टिबेटचं हे तिसरं वर्ष. पहिल्या वर्षी तीन सामने जिंकले, दुसऱ्या वर्षी चार, यंदा पाच झाले होते आणि दोन बाकी होते.

"चढतंय की," पोस्टात बाई गेलनला म्हणाल्या.

"बाई, असं गोगलगायीसारखं चढून काय उपयोग?" गेलन म्हणाला. "हासच्या काळात बघा. हास आला आणि पहिल्या वर्षापासून पोरांना जिंकायची चटक लागली."

"पहिल्या वर्षापासून?"

"पहिल्या दिवसापासून!"

"तुझा जन्म कधीचा रे?"

"अठ्ठावन्नचा. त्याचा काय संबंध?"

"हास आला त्याच वर्षीचा," बाई म्हणाल्या. "पाळण्यातून बघत होतास वाटतं सामने."

थर्लो हासने टॅनरमध्ये एकवीस वर्षं काढली आणि पाच अजिंक्यपदं आणली. मैदानाच्या फाटकाशी त्याचा पुतळा होता. त्याच्यानंतर आलेल्या प्रत्येक कोचला त्या पुतळ्याशेजारी उभं करून मापलं जाई, आणि सगळ्यांत आधी मापला गेला तो एमिल. बाईंना हे माप चांगलंच ठाऊक होतं. पण पुतळ्याच्या आधीचा हास कसा होता, हे त्यांनीही कधी उघडून पाहिलं नव्हतं.

मंगळवार आणि बुधवार त्यांनी कॉलेजच्या ग्रंथालयात जुन्या वर्तमानपत्रांच्या बांधीव गठ्ठ्यांत घालवले. बुधवारी दुपारी त्या एकदम इतक्या मोठ्याने हसल्या की ग्रंथपाल पाणी घेऊन धावला.

गुरुवारी त्या मनुक्यांचं सारण भरलेल्या गोड पावांचं, कोलाचींचं, ताट आणि तीस कागद घेऊन हॉलमध्ये उतरल्या. आणि पायरीवरच थबकल्या. पहिल्या टेबलाशी, चाकांच्या खुर्चीत, मांडीवर घोंगडी घेऊन खुद्द थर्लो हास बसला होता. वय चौऱ्याण्णव. वृद्धाश्रमातून त्याला गेलनने मुद्दाम उचलून आणलं होतं.

"हुकुमाचा एक्का आणलाय, बाई," गेलन डोळा मारत म्हणाला. "आता बघू टिबेटची बाजू कोण घेतो!"

बाईंनी कागद पर्समध्ये परत कोंबायला घेतले. गेलनची फजिती करायला त्या आल्या होत्या. एका म्हाताऱ्याला भर सभेत उघडं पाडायला नव्हे. पण गेलनचं लक्ष होतं.

"काय लपवताय? चाचणी परीक्षा आणलीत की काय?"

हॉल हसला. कुणीतरी मागून ओरडलं, "बाई, मी अभ्यास केलेला नाही!" आणि एक कागद ताटाखालून निसटून थेट हासच्या घोंगडीवर जाऊन पडला. म्हाताऱ्याने चष्मा वर केला, कागद नाकाशी नेला आणि बराच वेळ वाचला. मग बाईंकडे पाहिलं. चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"वाटा की," तो म्हणाला. "आलेच आहेत तर."

आता माघार नव्हती. बाई उभ्या राहिल्या. "नवं कापड मोजायच्या आधी पट्टी तपासून घेऊ. या कागदावर तीन कोच आहेत. अ, ब आणि क. प्रत्येकाची पहिली तीन वर्षं, दर वर्षी दहा सामने. नावं नाहीत, आणि विचारायची नाहीत. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी तुम्ही कुणाला ठेवाल, कुणाला काढाल? हात वर करा."

"सोपं आहे," गेलन म्हणाला.

"तू बीजगणितालाही हेच म्हणायचास."

ब वर एकमत झालं. आठ, आठ, नऊ. "हा खरा मर्द!" गेलन म्हणाला. "याला ठेवा आणि याच्या पायाचं तीर्थ प्या!"

क वर घासाघीस झाली. सात, सहा, सहा. दाढीवाला केशकर्तनकार मर्ल म्हणाला, "हा कष्टाळू दिसतो. एवढ्यात काढू नये." शेवटी बऱ्याच हातांनी क ला ठेवलं. बाईंनी कागदावर खूण केली. खूण जरा मोठीच झाली.

"आता अ," त्या घाईघाईने म्हणाल्या. "अ राहू दे हवं तर."

"राहू दे काय?" गेलनने कागद झटकला. "दोन, चार, चार! तीस सामन्यांत दहा! आणि शेजारच्या गावाकडून तीनदा मार, त्यातला एक चोपन्न-शून्य! कुठल्या महामूर्ख कॉलेजने याला तीन वर्षं पोसलं? काढा म्हणणाऱ्यांनी हात वर करा."

सगळ्यांत आधी जो हात वर गेला तो हासचा होता. वाळका, डागांनी भरलेला, घोंगडीतून सरळ वर.

"बघा!" गेलन आनंदाने ओरडला. "कोचसुद्धा म्हणतात काढा!"

"काढलाच पाहिजे," हास म्हणाला. आवाज खरखरीत होता, पण मैदानभर ऐकू जाण्याची सवय गेली नव्हती. "तुझ्या बापाचंही हेच मत होतं, पोरा. त्याने तर पत्रच लिहिलं होतं. चांगलं पत्र होतं. शुद्धलेखन तुझ्यापेक्षा बरं होतं."

गेलनचा हात वरच राहिला. "माझ्या बापाने? कुणाविरुद्ध?"

"अ विरुद्ध. अ म्हणजे मी."

मर्लने हात खाली घेतला, मग चोरून इकडेतिकडे पाहिलं, तो वर होता हे कुणी बघितलं तर नाही ना म्हणून. एकेक करून बाकीचेही हात पॅनकेकच्या आडोशाला गेले.

"पण मग... काढलं कसं नाही?" गेलनने विचारलं.

"गालगुंड," हास म्हणाला.

"काय?"

"गालगुंड. कॉलेजच्या अध्यक्षांना नातवाकडून गालगुंड झालं. छप्पन्न वर्षांचा माणूस, डोकं असं भोपळ्याएवढं. मला काढायची बैठक पुढे ढकलली, पुन्हा ढकलली. तोवर जानेवारी उजाडला आणि माझा करार आपोआप वाढला. कलमच होतं तसं. चौथ्या वर्षी आम्ही आठ जिंकले." त्याने एक कोलाची उचलली. "तो नातू पुढे भेटला होता मला. मी त्याला घड्याळ दिलं."

आधी मर्ल फुटला. मग सगळा हॉल हसत सुटला, गेलन सोडून. गेलन कागदाकडे बघत होता.

"आणि हा ब? आठ, आठ, नऊ?"

"लँकफोर्ड," बाई म्हणाल्या.

आता कण्हल्यासारखा आवाज निघाला. लँकफोर्डने खेळाडू पोरांच्या खोट्या गुणपत्रिका घरच्या टेबलावर बसून तयार केल्या होत्या, आणि त्यापायी कॉलेजवर तीन वर्षं बंदी आली होती. त्याचं नावसुद्धा गावात कुणी घेत नसे.

"पायाचं तीर्थ," मागून कुणीतरी आठवण करून दिली.

"गप रे!" गेलन लालबुंद झाला होता. "आणि क?"

बाईंनी चष्मा काढून पुसला. उत्तर हासने दिलं.

"एमिल स्टासेक."

गेलनने बाईंकडे पाहिलं आणि पटकन नजर बशीत खुपसली. लाल झालेले कान मात्र त्याला लपवता आले नाहीत.

"एमिलचं एक सांगायचं राहिलं," हास म्हणाला. "शेवटची दोन वर्षं मी नवी पोरं शोधायला गावोगाव फिरलोच नाही. गुडघे दुखायचे, आणि पुतळ्याचं ठरलं होतं. एमिलच्या हाती मी रिकामी कोठी दिली. त्या पोरांना घेऊन सात जिंकणं मला जमलं नसतं. पाचसुद्धा नाही."

"हे तुम्ही त्याला कधी सांगितलंत?" बाईंनी विचारलं.

"नाही सांगितलं."

"तो चाळीस वर्षं गावात होता, कोच. तुमच्या घरापासून चार गल्ल्यांवर."

"हो."

"टोमॅटो आणून द्यायचा तुम्हाला."

"हो," हास म्हणाला. "चांगले असायचे."

बाईंना त्याचा राग आला. म्हाताऱ्याच्या चौऱ्याण्णव वर्षांची पर्वा न करता चांगला सणसणीत राग आला, आणि त्यांनी तो लपवला नाही. त्या त्याच्याकडे नुसत्या पाहत राहिल्या. शेवटी त्यानेच मान खाली घातली. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि त्याच्या शेजारी बसल्या, कारण दुसरीकडे कुठे जागा नव्हती आणि गुडघे त्यांचेही दुखत होते. थोड्या वेळाने हासने कोलाचीचं ताट त्यांच्याकडे सरकवलं.

"ठरावाचं काय?" मर्लने विचारलं.

गेलनने खिशातलं पत्र काढलं, उलटसुलट केलं. "बाई," तो म्हणाला, "टिबेटचे तीन, चार, पाच, म्हणजे... चढतंयच ना ते?"

"बाकावर उभा राहून सांग."

"बाई!"

"बरं, बसून सांग."

"चढतंय," गेलन म्हणाला आणि पत्राची चौघडी करून डगमगत्या टेबलाच्या पायाखाली सरकवली. बाहेर पडताना तो जिन्याशी रेंगाळला. बाई ताट घेऊन आल्या तसं त्याने ते त्यांच्या हातातून घेतलं आणि गाडीपर्यंत नेलं.

"ती पाटी... एमिल सरांच्या वेळची..." त्याने सुरुवात केली.

"मी गुण दिले होते की," बाई म्हणाल्या. "आणि कोरिनच्या अंगणातली?"

"ती माझी नाही! देवाशपथ!"

"माहीत आहे. तिच्यात एकही चूक नव्हती."

त्या शनिवारी टिबेटचा संघ एकतीस-सहाने हरला. गावाने दात-ओठ खाल्ले, पण पाटी रोवली नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी जिंकला. सहा झाले. चौथ्या वर्षी आठ झाले, आणि ख्रिसमसच्या आधीच टेक्ससच्या एका मोठ्या कॉलेजने टिबेटला बोलावून घेतलं. जाताना कोरिन बाईंच्या दारात आली आणि गळ्यात पडली. त्यांचं घर या वेळी खरोखरच विकायचं होतं. ते मर्लच्या मुलीने घेतलं.

नवा कोच बफिंग्टन नावाचा शांत, चष्मेवाला माणूस होता. पुढच्या सप्टेंबरात त्याने पहिला सामना जिंकला आणि दुसरा दोन गुणांनी हरला. गुरुवारी न्याहारीला गेलनने पॅनकेकवर पाक ओतला, सुस्कारा टाकला आणि मान हलवली.

"माणूस वाईट नाही हो," तो म्हणाला. "पण टिबेटच्या काळात बघा..."

टेबलावरच्या सगळ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या. व्हर्नाबाईंनी कॉफीचा घोट घेतला आणि पर्समधून कोरा कागद काढला.